प्रवेश मिळाला, पदवीचे काय?



जून-जुलै महिना आला म्हणजे आपल्या वस्त्यांतून दर वर्षी एक आनंदाची बातमी फिरू लागते. कोणाच्या मुलाला बी.एस्सी.ला प्रवेश मिळालेला असतो, कोणाच्या मुलीला अभियांत्रिकीला. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातावर साखर ठेवते, आणि वडील प्रवेशाची पावती नीट घडी करून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवतात. हा आनंद रास्त आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्याखाली बसावे लागले, त्यांच्या नातवाने प्रयोगशाळेत पाऊल टाकावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु वाचकहो, त्याच घरी तीन वर्षांनी जाऊन पाहा. कित्येक घरांत तुम्हास असे ऐकावयास मिळेल की, पोराने लाईन बदलली. गणित जमले नाही. केटी लागल्या आणि मग सोडून दिले. हे सांगताना वडिलांचा आवाज खाली जातो. मुलगा तर त्या खोलीत थांबतच नाही. मग घरात एक समजूत कायमची वस्तीला येते: विज्ञान आणि गणित हे आपल्या डोक्याचे काम नव्हे. धाकटी बहीण ती समजूत ऐकते आणि अकरावीच्या अर्जात विज्ञान शाखेच्या रकान्याकडे बघतही नाही.

आज आम्हास याच समजुतीविरुद्ध लिहावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या मुलाची बुद्धी कमी पडत नाही, तो एकटा पडतो. प्रवेशाचा हक्क आपण संघटित होऊन मिळविला, आणि प्रवेश मिळाल्यावर मात्र मुलास वर्गात एकटे सोडून दिले. हे एकटेपण मोडता येते. ते कसे मोडावे याचा दाखला उपलब्ध आहे, आणि त्याचा मोठा भाग शासनाच्या नव्हे, तुमच्या-आमच्या हातात आहे.

प्रथम एका विस्मृत गोष्टीची आठवण करून देतो. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांस अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक विस्तृत निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाचे प्रकरण आहे. स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या या पुरुषाने तेथे काय मागितले? केवळ कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना उच्च विज्ञान आणि तंत्रविद्या यांचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. हिंदुस्थानातील विद्यापीठांत विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दर साल दोन लाख रुपये, आणि याच विषयांसाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता एक लाख रुपये, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तुमच्या मुलाचे महाडीबीटीवरील जे शिष्यवृत्तीचे खाते आहे, त्याचे मूळ शोधीत गेलात तर तुम्ही त्याच काळापाशी पोचाल.

म्हणजे विज्ञानाची वाट आपल्याला कोणी अलीकडे दाखविली असे नाही. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ती आपल्यासाठी मागून घेतली गेली. दार उघडले, परंतु आत गेल्यावर कसे टिकावे, हे शिष्यवृत्तीच्या कागदावर लिहिलेले नसते.

येथे आम्हास थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल. आम्ही वकिली करतो, आणि लोक समजतात की वकील होणे ही आमची लहानपणापासूनची इच्छा असावी. वस्तुस्थिती अशी नाही. आम्ही प्रथम बी.एस्सी.ला होतो. दहावीपर्यंत मराठी शाळा, गणितात उत्तम गुण, गावात सत्कार. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी फळ्यावर सीमेची व्याख्या इंग्रजीतून लिहिली आणि पुसली. आम्हास ती समजली नाही. विचारावे असे वाटले, परंतु मागच्या बाकावरून उठून इंग्रजीत प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नाही. राखीव जागेवरून आलेल्याने अज्ञान दाखवू नये, अशी एक गाठ मनात बसली होती. वसतिगृहातील खोलीचे दार लावून आम्ही रात्र-रात्र बसलो. गाईडमधील उत्तरे वहीत उतरविली. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला आणि आम्ही नापास झालो. पुढच्या वर्षी विज्ञान सोडून कला शाखेत गेलो, आणि तेथून कायद्याच्या महाविद्यालयात.

यात विशेष असे काही नाही. हे हजारोंच्या बाबतीत घडले आहे. विशेष गोष्ट वेगळीच आहे. निकालाच्या फलकापाशी उभे असताना आम्हास कळले की, त्याच वसतिगृहातील, आपल्याच समाजातील आणखी तीन मुले त्याच विषयात नापास झाली आहेत. वर्षभर आम्ही चौघे एका मेसमध्ये जेवलो, चौदा एप्रिलची मिरवणूक मिळून काढली, शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून समाजकल्याण कार्यालयावर मिळून गेलो. परंतु एकाही रात्री चौघांनी मिळून एक गणित सोडविले नाही. आपल्याला येत नाही हे प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपविले. आमची खात्री अशी होती की दोष आमच्या बुद्धीचा आहे. ती खात्री चुकीची होती, हे समजावयास आम्हास फार वर्षे लागली, आणि ते समजले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हकीकतीवरून.

अमेरिकेचे नाव येथे ओढूनताणून आणलेले नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांस पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यु बॉइस यांनी आस्थेने उत्तर पाठविले. दोन्ही समाजांची दुःखे अगदी एक नाहीत. परंतु एकाने शोधलेले औषध दुसऱ्याने तपासून पाहावे, इतके साम्य त्यांत निश्चित आहे.

१९७० नंतरच्या दशकातील गोष्ट. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइझमन नावाचा एक तरुण गणिताचे संशोधन करीत असता पहिल्या वर्षाचे कलनगणित, म्हणजे आपली मुले ज्यास कॅल्क्युलस म्हणतात ते, शिकवीत होता. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक या सर्व वाटा याच विषयाच्या उंबरठ्यावरून जातात. १९७५ पूर्वीच्या दहा वर्षांत तेथे हा पहिला अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना अगदी खालची किंवा नापासाची श्रेणी मिळाली होती. उलट चिनी वंशाचे विद्यार्थी त्याच वर्गात उत्तम गुण मिळवीत.

असे का व्हावे, हे अध्यापकांना विचारले असता चार उत्तरे मिळाली. ती लक्षपूर्वक वाचा, कारण ती तुमच्या ओळखीची आहेत. पहिले, या मुलांना शिकण्याची तळमळ नाही. दुसरे, यांची पूर्वतयारी कच्ची. तिसरे, यांच्या घरी शिक्षणाला पाठबळ नाही. चौथे, हे गरीब आहेत. आपल्याकडील स्टाफरूममध्येही हीच चार उत्तरे मिळतात. आणि दुःखाची गोष्ट ही की, आपल्यापैकी काही सुशिक्षितही ती उच्चारू लागले आहेत.

ट्राइझमनने ही उत्तरे खरी धरून चालण्याचे नाकारले. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थी निवडले आणि ते कसे अभ्यास करतात हे त्यांच्यात राहून, त्यांच्या खोल्यांत बसून, महिनोन् महिने पाहिले. चारही उत्तरे टिकली नाहीत. तळमळ म्हणाल तर ही मुले आपापल्या शाळांतून अव्वल आलेली होती. घरचे म्हणाल तर कित्येकांच्या आईबापांनी मूल लहान असतानाच त्यास विद्यापीठात पाठवावयाचे ठरविले होते. गरिबीनेही उलगडा होईना, कारण साऱ्यांचे घर गरीब नव्हते. आणि पूर्वतयारी? ज्यांचे प्रवेशपरीक्षेतील गणिताचे गुण चांगले, त्यांतीलच अनेक आधी गळाले.

मग फरक कोठे होता? तो अभ्यासाच्या रीतीत होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्यास सुमारे आठ तास अभ्यास करीत. परंतु बहुतेक सर्व जण एकटे बसत. लहानपणी भोवतालच्या मोहापासून दूर राहून, खोलीचे दार लावूनच ते इथवर आले होते. एकट्याने झगडणे हेच त्यांचे भांडवल होते, आणि विद्यापीठात तेच भांडवल अपुरे पडले. चिनी विद्यार्थी सुमारे चौदा तास देत. ते प्रथम आपापले गणित सोडवीत, आणि संध्याकाळी एकत्र बसत. कधी स्वयंपाक मिळून करीत, मग उत्तरे ताडून पाहत. एकाचे उत्तर निराळे आले तर त्याची चूक तेथल्या तेथे समजे. आणि सर्वांचीच उत्तरे निरनिराळी आली तर गणितच अवघड आहे, आपण मठ्ठ नाही, हेही समजे. एकमेकांची इंग्रजी सुधारीत. मोठा भाऊ किंवा बहीण मधून मधून परीक्षा घेई. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून सोडवीत. आपण वर्गात नक्की कोठे उभे आहोत, हे त्यांतील प्रत्येकास ठाऊक असे.

वाचकहो, ही दुसरी खोली चिनी रक्ताची किमया नव्हे. ती एक सवय आहे, आणि सवय लावून घेता येते. १९७८ साली बर्कलीत गणिताची एक कार्यशाळा सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य नीट समजून घ्या. ती 'कच्च्या' मुलांची शिकवणी नव्हती. 'तुम्ही मागे पडला आहात, या, तुम्हास हात देतो' असे म्हटले तर स्वाभिमानी विद्यार्थी येत नाही. त्याने का यावे? येथे निमंत्रणच निराळे होते: तुम्ही हुशार आहात, तुम्हास अधिक अवघड गणिते देऊ, ती मिळून सोडवा. नेहमीच्या वर्गाखेरीज आठवड्यातून काही तास मुले लहान गटांत बसत. शिक्षक व्याख्यान देत नसे. तो टेबलाटेबलांतून फिरे आणि अडले तेथे प्रश्न विचारी. प्रत्येकास आपली रीत दुसऱ्यास समजावून सांगावी लागे. परिणाम असा झाला की, या कार्यशाळेतील कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वंशाचे विद्यार्थी आपल्या कार्यशाळेबाहेरील बांधवांच्याच नव्हे, तर गोऱ्या आणि आशियाई सहाध्यायांच्याही पुढे गेले. मुले त्याच समाजातील होती, अभ्यासक्रम तोच होता, परीक्षाही तीच होती. बदलले एवढेच की कोणी एकटे बसले नाही.

दुसरा दाखला मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील शाखेचा. तेथील फ्रीमन ह्राबाउस्की यांचे चरित्र आपल्या वाचकांस जवळचे वाटेल. १९६३ साली अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलांचा मोर्चा निघाला, त्यात बारा वर्षांचे ह्राबाउस्की होते आणि त्यांना तुरुंगात डांबण्यात आले. पुढे ते गणिताचे पदवीधर झाले. १९८८ साली रॉबर्ट आणि जेन मेयरहॉफ या दानशूर दांपत्याच्या साहाय्याने त्यांनी एक योजना उभारली, आणि १९८९ साली तिची १९ कृष्णवर्णीय तरुणांची पहिली तुकडी आत आली. पुढच्या वर्षी मुलींनाही प्रवेश मिळाला. वर्ग सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात एकत्र राहून अभ्यास. पहिल्या वर्षी एकाच वसतिगृहात वास. गटाने अभ्यास करण्याचा दंडक. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत लवकर प्रवेश. आणि एक मूल मागे पडले तर त्याची चौकशी करणे हे सर्वांचे काम, अशी ती व्यवस्था आहे. करोनाविरुद्धची मॉडर्ना लस २०२० साली तयार झाली; तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनात ज्यांचा अग्रगण्य वाटा होता त्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ डॉ. किझमेकिया कॉर्बेट या याच योजनेच्या विद्यार्थिनी होत.

आता आमच्या व्यवसायास अनुसरून कायद्याची बाजू सांगतो, कारण तीत एक इशारा आहे. १९९४ साली तेथील संघराज्याच्या अपील न्यायालयाने मेरीलँड विद्यापीठाची केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेली एक शिष्यवृत्ती अवैध ठरविली. त्यानंतर १९९६ साली मेयरहॉफ योजना सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांस खुली झाली. त्याच १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरकारी विद्यापीठांत वंशावरून प्राधान्य देण्यास मनाई केली. आणि २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धतच रद्द ठरविली. जे दार कायद्याने उघडते, ते कायद्याने अरुंदही होऊ शकते. परंतु चार मुलांनी संध्याकाळी एका टेबलाभोवती बसून गणित सोडविण्यास कोणतेही न्यायालय मनाई करू शकत नाही. लोकांनी स्वतः आत्मसात केलेली रीत टिकते.

आपली घटनात्मक स्थिती याहून भक्कम आहे, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात प्रवेशातील आरक्षण कोसळले, तेव्हा त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ चे उपकलम ४ आले. कलम ४६ अन्वये अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी वाहणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. आणि तुम्ही, ज्यांनी नव्याने धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी एक तारीख पाठ ठेवावी. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या सवलती नवबौद्धांस लागू केल्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली. त्या कायद्याने अनुसूचित जातीची व्यक्ती बौद्ध झाली तरी तिचा दर्जा कायम राहतो असे ठरले. यास्तव दीक्षेनंतर मुलाची शिष्यवृत्ती बंद होईल, ही भीती मनातून काढून टाका. मात्र तो दर्जा अनुसूचीतील जातीवरून ठरत असल्यामुळे जुने दाखले जपून ठेवा, आणि जात पडताळणीचे काम प्रवेशाच्या आदल्या दिवसापर्यंत लांबवू नका. कागद नाही म्हणून मुलीची जागा गेली, अशी प्रकरणे आमच्या कचेरीत दर साल येतात, आणि त्यांतील पुष्कळ टाळता येण्याजोगी असतात.

कोणी म्हणेल, बर्कलीची गोष्ट बर्कलीत ठीक. आमचा मुलगा सुट्टीत मजुरीला जातो, त्याला इंग्रजी येत नाही, वसतिगृहात जागा नाही, शिष्यवृत्ती वर्ष संपताना येते. हे सारे खरे आहे, आणि त्यासाठी शासनाशी भांडलेच पाहिजे. वसतिगृहात जागा नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या; तोंडी तक्रारीस कोर्टात किंमत नसते. परंतु पैसा आल्याने सीमेची व्याख्या समजत नाही. ती कोणीतरी समजावून सांगावी लागते, आणि ती सांगणारा बहुधा शेजारच्या खोलीतच असतो.

कोणी असेही म्हणेल की, आपल्याच मुलांचे निराळे मंडळ काढणे म्हणजे स्वतःच निराळी पंगत मांडणे होय. आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. आमचे उत्तर असे की, मंडळाचे दार उघडे ठेवा. आदिवासी, भटक्या, मुसलमान, मराठा, ज्यास गणित अडते त्या प्रत्येकास येऊ द्या. बर्कलीच्या कार्यशाळेतही केवळ कृष्णवर्णीय बसत नव्हते. आग्रह एवढाच धरा की, आपला एकही विद्यार्थी त्या टेबलाबाहेर राहता कामा नये.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. ज्या गावी महाविद्यालय आहे तेथे एका विहाराचे किंवा समाजमंदिराचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. फळा, खडू, दिवे आणि पिण्याचे पाणी एवढ्याने काम भागते. चार-पाच जणांचा गट करा. प्रत्येकाने गणित प्रथम स्वतः करून यावे, मग दुसऱ्यास समजावून सांगावे. नुसती वही उतरविण्यास मज्जाव असावा. वरच्या वर्गातील एक विद्यार्थी, किंवा नोकरीस लागलेला एखादा अभियंता, यास आठवड्यातून एक संध्याकाळ मागा. त्याने उत्तर सांगू नये, प्रश्न विचारावा. मागील पाच-सात वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाईल तेथे ठेवा. इंग्रजी संज्ञा मराठीतून समजून घ्या आणि इंग्रजीतून लिहावयास शिका. गाईड हातात घेण्यापूर्वी गाईडमध्ये नसलेले एक तरी अवघड गणित प्रत्येक बैठकीत असावे. आणि हे सर्व पहिल्या महिन्यातच सुरू करा, कारण पहिली चाचणी हातून गेली की मूल मिटून जाते, आणि मिटलेले मूल उलगडणे कठीण असते.

मातांना आमची विशेष विनंती आहे. मुलगी संध्याकाळी अभ्यासाला जाते म्हणून तिला अडवू नका. सोबत हवी असेल तर भावाला पाठवा, पण तिची जागा रिकामी ठेवू नका. मेयरहॉफ योजनेत पहिल्या वर्षी एकही मुलगी नव्हती. पुढे मुलींना दार उघडले नसते तर डॉ. कॉर्बेट तेथे नसत्या. परीक्षेच्या दिवसांत मुलास लग्नाच्या आणि घराच्या कामास जुंपू नका. आणि 'किती मार्क पडले' हा प्रश्न थोडा बाजूस ठेवून, 'आज कोणते गणित अडले आणि कोणास विचारलेस' हे विचारीत जा. तुम्हास स्वतः गणित येण्याची काही गरज नाही. विचारणे ही लाजेची गोष्ट नाही, एवढे घरातून कळले तरी मुलाच्या मनातील ती जुनी गाठ सुटू लागते.

महाविद्यालयाकडेही आपण याचक म्हणून जावयाचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या विनियमांत प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असावा असे सांगितले आहे. तुमच्या महाविद्यालयात तो कक्ष कोठे आहे, अधिकारी कोण आहे, आणि पहिल्या वर्षी नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय केले जाते, हे लेखी विचारा. प्राध्यापकाने वर्गात जातीवरून टोमणा मारला तर तारीख आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मंडळात सांगा. अपमान एकट्याने गिळला की तो आत साचतो. चौघांत बोलला की त्याची तक्रार होते. उच्च शिक्षणाच्या संस्थांत आपली काही गुणी मुले आपण कायमची गमाविली आहेत, हे तुम्ही विसरला नसाल. त्यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. आणखी कोणा मातेवर ती वेळ येऊ नये, यासाठीही मुलाच्या शेजारी कोणी बसलेले असणे आवश्यक आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास सांगितले आणि संघटित होण्यासही सांगितले. आपण या दोन आज्ञा वेगवेगळ्या वाचल्या. शिकावयाचे ते एकट्याने, आणि संघटित व्हावयाचे ते मोर्चासाठी, जयंतीसाठी, निवडणुकीसाठी, असा आपण समज करून घेतला. आम्ही चौघे जिल्ह्याच्या त्या वसतिगृहात नेमके याच समजाने नापास झालो. शिष्यवृत्तीसाठी संघटित होणारी मुले गणितासाठी संघटित झाली असती, तर त्यांतील एखादा आज कदाचित तुमच्या मुलास गणित शिकवीत असता.

म्हणून यंदा तसबिरीमागे प्रवेशाची पावती ठेवाल, तेव्हा साखर वाटून झाल्यावर आणखी एक काम करा. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात आणखी कोणाची मुले गेली आहेत याची वस्तीत आणि शेजारच्या गावांत चौकशी करा. त्यांची नावे एका कागदावर लिहा, त्यांच्या पालकांना भेटा, आणि येत्या रविवारी त्या सर्वांना विहारात एकत्र बसवा. पदवीची तयारी त्या रविवारपासून सुरू होते.